प्रॉक्सिमिटी सेन्सर: निवड, जोडणी आणि बिघाड शोधण्याची रीत

साकीनाक्याच्या किंवा वसईच्या गाळ्यात एखादं मशीन अधूनमधून थांबायला लागलं की पहिला संशय प्रॉक्सीवर, म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सरवर, जातो. नवा आणतात, बसवतात, चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच रडगाणं. काढून टाकलेला सेन्सर टेबलावर जोडून पाहिला तर पुष्कळदा ठणठणीत निघतो. दोष असतो सेन्सर आणि वस्तूमधल्या गॅपमध्ये, समोरच्या धातूत, सैल नटात नाहीतर तारेत. म्हणून आधी सेन्सरला काय दिसतं ते समजून घ्यायचं, मग तो विकत घ्यायचा, आणि पॅनेलला जोडण्याआधी टेबलावर तपासायचा. हा क्रम मोडला की पैसे जातात.

पहिली पायरी: समोर काय येणार आहे?

प्रॉक्सिमिटी सेन्सर म्हणजे वस्तूला न शिवता ती जवळ आली एवढं सांगणारा स्विच. लिमिट स्विचमध्ये लिव्हर झिजतो, स्प्रिंग थकते, कॉन्टॅक्ट जळतात. इथे बहुतेक प्रकारांत हलणारा भागच नाही. पण 'प्रॉक्सी द्या' एवढं सांगून भागत नाही, कारण प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाला वेगळंच दिसतं.

समोर धातू असेल आणि अंतर काही मिलिमीटर असेल तर इंडक्टिव्ह. कारखान्यात प्रॉक्सी म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. पीठ, मसाला, प्लास्टिकचे दाणे, पाणी, तेल यांची पातळी पाहायची तर कपॅसिटिव्ह. अंतर सेंटिमीटर-मीटरमध्ये असेल तर प्रकाशाचा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, नाहीतर आवाजाचा, म्हणजे अल्ट्रासॉनिक. पारदर्शक पेट बाटलीतून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे साधा फोटो सेन्सर तिथे फसतो. पारदर्शक वस्तूंसाठीच बनवलेला रिफ्लेक्टरवाला सेन्सर घ्यावा किंवा अल्ट्रासॉनिक. न्यूमॅटिक सिलिंडरच्या पिस्टनवर चुंबकाची रिंग असते. तो कुठे पोहोचला हे सिलिंडरच्या बाहेरून ओळखणारा रीड स्विच हा चुंबकीय प्रकार.

हेच प्रकार घराच्या आसपासही आहेत. बऱ्याच सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये केबिन मजल्याशी नेमकी थांबवायला शाफ्टमध्ये चुंबक आणि मॅग्नेटिक स्विच असतात, तर दार बंद होताना कोणी मध्ये आलं तर ते परत उघडणारा पडदा इन्फ्रारेड किरणांचा असतो. गाडीच्या मागच्या बंपरमधली गोल बटणं अल्ट्रासॉनिक असतात. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. फोन कानाला लावला की पडदा विझतो, ते बहुतेक फोनमध्ये इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोडायोडच्या जोडीचं काम. स्क्रीनगार्डची कड त्या जागेवर आली की कॉल संपल्यावरही पडदा काळाच राहतो, आणि लोक फोन दुरुस्तीला नेतात. रेल्वेचे अ‍ॅक्सल काउंटरही याच कुळातले: रुळाच्या दोन बाजूंना कॉइल असतात, चाक मध्ये आलं की त्यांच्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि एक अ‍ॅक्सल मोजला जातो.

दुसरी पायरी: इंडक्टिव्ह सेन्सरच्या आत

तोंडाशी फेराइटच्या गाभ्यात तारेची कॉइल बसवलेली असते. ऑसिलेटर तिला उच्च वारंवारतेने चालवतो आणि तोंडासमोर बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू शिरला की धातूच्या पृष्ठभागावर भोवरा प्रवाह फिरू लागतात. त्यांना लागणारी ऊर्जा ऑसिलेटरमधूनच खेचली जाते, त्याचं आंदोलन लहान होतं, आणि पुढचं सर्किट ही घट ओळखून आउटपुट ट्रान्झिस्टर चालू करतं. १९५८ साली जर्मनीतल्या मानहाइमच्या पेपर्ल अँड फुक्स कंपनीने असा स्विच बनवला.

यातून तीन गोष्टी लगेच कळतात. लाकूड, रबर, कागद सेन्सरला दिसतच नाहीत. तोंडावर तेल, ग्रीस किंवा पाणी साचलं तरी फरक पडत नाही, मात्र लोखंडाचा कीस साचला तर पडतो. आणि कुठला धातू आहे यावर अंतर बदलतं. ही तिसरी गोष्ट नवख्यांना सर्वांत जास्त नडते.

तिसरी पायरी: अंतराचं गणित

सेन्सरवर छापलेलं अंतर माइल्ड स्टीलच्या १ मिमी जाडीच्या चौरस तुकड्यासाठी असतं. त्या चौरसाची बाजू सेन्सरच्या तोंडाच्या व्यासाइतकी किंवा छापील अंतराच्या तिप्पट, यातली जी मोठी ती. तुमचा जॉब, म्हणजे सेन्सरसमोर येणारी वस्तू, त्यापेक्षा लहान असेल तर अंतर घटतं. नेहमीच्या फ्लश, म्हणजे तोंडापर्यंत धातूत बुडवता येणाऱ्या, सेन्सरची अंतरं अशी (एम८ म्हणजे ८ मिमी थ्रेडचा): एम८ ला १.५ मिमी, एम१२ ला २, एम१८ ला ५, एम३० ला १०. नॉन-फ्लशमध्ये (ज्याचं तोंड धातूबाहेर ठेवावं लागतं) एम१२ ला ४, एम१८ ला ८, एम३० ला १५. हल्ली दुप्पट-तिप्पट अंतराचेही मिळतात, म्हणून डेटाशीट पाहावी.

छापील आकड्यावर पूर्ण विसंबू नका. उत्पादनातला आणि तापमानाचा फरक धरला तर खात्रीचं अंतर छापील आकड्याच्या ८१ टक्के असतं. म्हणजे २ मिमीचा सेन्सर १.६ मिमीपर्यंतच धरायचा. मग धातूचा गुणक लावायचा. माइल्ड स्टीलला १, स्टेनलेसला साधारण ०.६ ते ०.८५, पितळेला ०.३५ ते ०.५, अ‍ॅल्युमिनियमला ०.३ ते ०.४५, तांब्याला त्याहून थोडा कमी.

आता प्रत्यक्ष हिशोब. अ‍ॅल्युमिनियमच्या डायसमोर एम१२ फ्लश सेन्सर लावला: २ गुणिले ०.८१ गुणिले ०.४, म्हणजे जेमतेम ०.६५ मिमी. एवढ्याशा गॅपमध्ये मशीनचा धक्का आणि गाइडचा ढिलेपणा बसत नाही. आज ना उद्या जॉब तोंडावर आपटणार. तिथेच एम१८ नॉन-फ्लश घेतला तर ८ गुणिले ०.८१ गुणिले ०.४, म्हणजे २.६ मिमी. काम होतं. जागा नसेल तर जॉबवर माइल्ड स्टीलची पट्टी स्क्रूने बसवून तीच सेन्सरला दाखवायची. सगळ्यांत स्वस्त उपाय. सर्व धातूंना एकच अंतर देणारे 'फॅक्टर वन' सेन्सरही असतात. महाग असतात, पण एकाच लाइनवर स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही येत असतील तर तेच घ्यावेत.

चालू होण्याचं आणि बंद होण्याचं अंतर एकच नसतं. हा फरक, म्हणजे हिस्टेरेसिस, २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. १.६ मिमीवर लागलेला सेन्सर १.९ मिमीपर्यंत जॉब मागे जाईस्तोवर सुटणार नाही. हा फरक मुद्दामच ठेवलेला असतो, नाहीतर थरथरणाऱ्या जॉबसमोर आउटपुट सेकंदाला शंभरदा तडतडेल. पण जॉबची हालचालच ०.२ मिमीची असेल तर हा सेन्सर तिथे चालणार नाही.

चौथी पायरी: खरेदी

शिकण्यापुरती छोटी मॉड्यूल हवी असतील तर मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड. कारखान्याचा माल हवा असेल तर लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीटचा भाग, नाहीतर कंपनीचा अधिकृत विक्रेता. नावाजलेल्या ब्रँडची हुबेहूब नक्कल बाजारात असते, त्यामुळे किंमत संशयास्पद कमी वाटली तर बिल मागा.

दुकानात जाण्याआधी जुन्या सेन्सरच्या अंगावरच्या मजकुराचा फोटो काढा. तो पुसला गेला असेल तर एवढं लिहून न्या: थ्रेड (एम१२ आणि एम१८ चा पिच १ मिमी, एम३० चा १.५), फ्लश की नॉन-फ्लश, अंतर, पीएनपी की एनपीएन (आउटपुट प्लस देतं की मायनसकडे ओढतं), एनओ की एनसी (धातू आल्यावर आउटपुट चालू होतं की बंद), डीसी की एसी, दोन तारा की तीन, आणि केबल की कनेक्टर. शेवटच्या मुद्द्यावर घोळ फार होतो. एम१२ कनेक्टर आणि एम१२ बॉडी या वेगळ्या गोष्टी. एम१८ च्या सेन्सरलाही मागे एम१२ कनेक्टर असतो. कूलंट उडतं तिथे साध्या पीव्हीसी केबलऐवजी पीयू (पॉलियुरेथेन) केबलचा सेन्सर घ्या, पीव्हीसी कडक होऊन तडकते. आयपी६७ लिहिलेलं असलं तरी ती चाचणी एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडवण्याची आहे, कूलंटमध्ये वर्षभर भिजण्याची नाही.

पाचवी पायरी: टेबलावर तपासणी

सामान फार लागत नाही: २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मल्टिमीटर, २.२ किलोओम अर्धा वॉटचा रेझिस्टर आणि लोखंडाची एक पट्टी. डीसी तीन-तारी सेन्सरच्या तारांचे रंग आयईसी ६०९४७-५-२ मानकाप्रमाणे ठरलेले: तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी आउटपुट. चौथी पांढरी असेल तर ती बहुधा एनसी आउटपुट. कनेक्टरवर पिन १ तपकिरी, ३ निळी, ४ काळी, २ पांढरी.

पीएनपी आउटपुट स्वतः प्लस बाहेर देतं, म्हणून रेझिस्टर काळी आणि निळी यांच्यामध्ये लावायचा. एनपीएन आउटपुट मायनसकडे ओढतं, म्हणून रेझिस्टर तपकिरी आणि काळी यांच्यामध्ये. दोन्ही वेळा मल्टिमीटर रेझिस्टरच्या दोन टोकांवरच धरा. पट्टी समोर आणली की एनओ सेन्सरमध्ये २१ ते २४ व्होल्ट दिसले पाहिजेत, काढली की शून्याजवळ. रेझिस्टर न लावता नुसता मीटर धरला तर उघड्या आउटपुटवर भलतेच आकडे दिसतात आणि चांगला सेन्सर भंगारात जातो.

पट्टी पुढे-मागे सरकवून सेन्सर नेमका कुठे लागतो ते फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, आणि मग तुमच्या खऱ्या जॉबचा तुकडा घेऊन पुन्हा मोजा. ही दोन मिनिटं वाचवण्यात अर्थ नाही.

दोन-तारी सेन्सरबाबत एक नियम डोक्यात कोरून ठेवा: रिले किंवा दिव्यासारखा लोड मध्ये घातल्याशिवाय तो सप्लायला जोडायचा नाही. २३० व्होल्टचा एसी दोन-तारी सेन्सर थेट फेज-न्यूट्रलमध्ये लावला तर लागताक्षणी जळतो, कारण प्रवाह अडवायला मध्ये काहीच नसतं. शिवाय तो बंद असतानाही स्वतः जिवंत राहण्यापुरता थोडा प्रवाह सोडत राहतो. हलक्या रिलेला किंवा निऑन दिव्याला तेवढाही पुरतो आणि आउटपुट सुटतच नाही. अशा वेळी लोडला समांतर योग्य वॉटेजचा रेझिस्टर द्यावा लागतो.

सहावी पायरी: पीएलसी किंवा रिलेला जोडणी

जपानी मशीनवर एनपीएन, युरोपीय मशीनवर पीएनपी, असं बहुतेक दिसतं. मुंबईच्या गाळ्यांत दोन्हीकडची जुनी मशीनं शेजारी-शेजारी उभी असतात, त्यामुळे एकाचा सेन्सर दुसऱ्याला लावण्याचा मोह होतो. पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरच्या, इनपुटचा कॉमन (सामायिक टोक) शून्य व्होल्टला असेल तर पीएनपी चालतो. कॉमन प्लस २४ ला असेल तर एनपीएन. सिंक-सोर्स हे शब्द सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने वापरत नाहीत, त्यामुळे मॅन्युअलमधला शब्द पाहण्यापेक्षा चित्रात प्रवाह कुठून कुठे जातो ते पाहा. एका कॉमनवरच्या सगळ्या इनपुटना एकाच जातीचे सेन्सर लागतात.

नेहमीचं डीसी आउटपुट २०० मिलिअँपिअरपर्यंत सोसतं. २४ व्होल्टचा छोटा रिले त्यात आरामात बसतो, पण त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, म्हणजे त्याची पट्टी प्लसच्या बाजूला. सोलेनॉइड व्हॉल्व्ह किंवा कॉन्टॅक्टर थेट सेन्सरवर चालवू नका. तीन-तारी सेन्सर एकापाठोपाठ सिरीजमध्ये जोडायची सवयही नको; प्रत्येकात दोन-तीन व्होल्ट पडतात आणि शेवटच्या इनपुटपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही. अटी एकत्र करायचं काम पीएलसीच्या प्रोग्रॅमवर सोडा.

माहुलच्या रिफायनऱ्यांसारख्या ज्वालाग्राही जागी हे सेन्सर चालत नाहीत. तिथे ८.२ व्होल्टवर चालणारे दोन-तारी नामूर मानकाचे सेन्सर आणि पॅनेलमध्ये इंट्रिन्सिकली सेफ (ठिणगी पडू नये इतकीच ऊर्जा जाऊ देणारा) आयसोलेटर असतो. प्रवाह १.२ मिलिअँपिअरच्या खाली गेला तर धातू समोर आहे, २.१ च्या वर असेल तर नाही. ते काम प्रमाणित माणसाचं आहे.

सातवी पायरी: बसवताना

जॉब सेन्सरच्या तोंडावर समोरून चालून येऊ देऊ नका, बाजूने सरकत जाऊ द्या. समोरून येणारा जॉब एक दिवस स्टॉपर ओलांडतो आणि सेन्सर चेपतो. सेन्सर हा मशीनचा स्टॉपर नव्हे.

फ्लश सेन्सर धातूच्या भोकात तोंडापर्यंत बुडवता येतो. नॉन-फ्लशचं क्षेत्र बाजूलाही पसरतं, म्हणून त्याचं तोंड ब्रॅकेटपासून छापील अंतराच्या दुप्पट बाहेर ठेवायचं आणि चारही बाजूंना एक व्यासाइतकी जागा धातूमुक्त सोडायची. एम१८, ८ मिमीसाठी तोंड १६ मिमी बाहेर. हे न पाळल्यास सेन्सर ब्रॅकेटलाच जॉब समजतो आणि त्याच्या अंगावरचा दिवा कायम पेटलेला राहतो. जॉबच्या मागे दुसरं धातूचं अंग असेल तर ते किमान तिप्पट अंतरावर हवं. दोन फ्लश सेन्सर शेजारी असतील तर मध्ये एक व्यास मोकळी जागा, नॉन-फ्लशना दोन व्यास. समोरासमोर असतील तर अंतराच्या सहापट. नाहीतर एकाचा ऑसिलेटर दुसऱ्याला त्रास देतो आणि दोन्ही वेड्यासारखे वागतात.

नट दोन्ही बाजूंनी, खाली दातेरी वॉशर. पण पान्यावर अंगाचा जोर टाकू नका. पितळी बॉडीची भिंत पातळ असते आणि तोंडाजवळचा थ्रेड सर्वांत नाजूक. केबल सेन्सरपासून लगेच वाकवू नका, आणि ड्राइव्हच्या मोटर केबलबरोबर एकाच नळीतून नेऊ नका.

वेग मोजायचा असेल तर आणखी एक हिशोब. १५०० आरपीएमच्या शाफ्टवर सहा बोल्ट म्हणजे सेकंदाला १५० पल्स. सेन्सरला ते जड नाही. पण बोल्ट १०० मिमी त्रिज्येवर असतील तर ते सेकंदाला जवळपास १५.७ मीटर वेगाने जातात, आणि २० मिमी रुंदीचं बोल्टचं डोकं समोर फक्त १.३ मिलिसेकंद राहतं. पीएलसीच्या साध्या इनपुटचा फिल्टरच याहून मोठा असतो. पल्स गळतात आणि दोष सेन्सरच्या माथी येतो. हाय-स्पीड काउंटरचं इनपुट वापरा. दोन बोल्टमधली मोकळी जागा बोल्टच्या रुंदीच्या निदान दुप्पट ठेवा.

पावसाळा आणि मे महिना

कपॅसिटिव्ह सेन्सर समोरच्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याच्या क्षमतेचा आकडा) पाहतो. पाण्याचा सुमारे ८०, बहुतेक प्लास्टिकचा २ ते ४. म्हणूनच प्लास्टिकच्या टाकीच्या भिंतीपलीकडचं पाणी त्याला दिसतं. आणि म्हणूनच जुलैत हॉपरच्या आत दव धरलं किंवा ओलं पीठ भिंतीला चिकटलं की रिकामा हॉपरही भरलेला वाटतो. मागचा छोटा स्क्रू ही त्याची संवेदनशीलता. आधी हॉपर रिकामा करून, भिंतीवर नेहमीचा थर राहू देऊन, सेन्सर सुटेपर्यंत ती कमी करा. मग माल भरून तो लागतो का पाहा, आणि पुन्हा सुटेपर्यंत ती आणखी कमी करत न्या. या दोन जागांच्या मधोमध स्क्रू ठेवा. हा स्क्रू बहुधा अनेक फेरे फिरणारा असतो, त्याला टोक लागत नाही, म्हणून जोर करू नका. एप्रिलमध्ये केलेली सेटिंग पाऊस लागल्यावर एकदा पुन्हा पाहावी.

अल्ट्रासॉनिकची अडचण उलटी, उन्हाची. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतली हवा तापली आणि मॉड्यूलमध्ये तापमानाची भरपाई नसली तर दोन मीटरला सुमारे सात सेंटिमीटरची चूक येते. पंप बंद करायला ती फारशी नडत नाही. नडतो तो अंध पट्टा. टाकीवर लावतात त्या वॉटरप्रूफ मॉड्यूलना साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. म्हणून सेन्सर भरलेल्या पाण्यापासून तेवढा उंच ठेवा, नाहीतर टाकी भरूनही पंप चालूच राहील.

बिघाड कसा शोधायचा

सेन्सरचा दिवा पाहा. दिवा लागतो पण पीएलसीचं इनपुट लागत नसेल तर सेन्सरला हात लावू नका. काळी तार, टर्मिनल आणि कॉमन तपासा. चुकीच्या जातीचा सेन्सर बसवल्यावरही नेमकं हेच दिसतं. दिवा लुकलुकत असेल तर गॅप काठावर आहे किंवा आउटपुट शॉर्ट आहे. काळी तार सोडून पाहा, लुकलुक थांबली तर शॉर्ट. दिवा कायम पेटलेला असेल तर तोंडावरचा कीस ब्रशने झाडा, मग नॉन-फ्लशच्या बाजूचा धातू पाहा. दिवा अजिबात नसेल तर तपकिरी-निळीवर खरंच २४ व्होल्ट आहेत का ते सेन्सरच्या टोकाशी मोजा, पॅनेलमध्ये नव्हे. सरकत्या भागावरची केबल बाहेरून शाबूत दिसते आणि आत तांबं तुटलेलं असतं. मशीन हळू चालवत केबल वाकवून पाहिलं की पकडली जाते.

सेन्सर खरोखर मरतो तो ठरावीक कारणांनी. मशीनच्या बॉडीवर वेल्डिंग करताना अर्थ क्लॅम्प लांब लावला आणि करंट सेन्सरमधून गेला; केबलची मेगर चाचणी (उच्च व्होल्टेजने इन्सुलेशनची तपासणी) सेन्सर न काढताच घेतली; किंवा जॉबने तोंड फोडून कूलंट आत शिरलं. वेल्डिंगआधी कनेक्टर काढायला दहा सेकंद लागतात.

पॉवर प्रेसच्या गार्डवर किंवा बोटं जाऊ शकतील अशा जागी साधा प्रॉक्सी सुरक्षेसाठी कधीही वापरायचा नाही. तो लागलेल्या स्थितीत अडकून बिघडू शकतो, आणि लोखंडाचा तुकडा चिकटवून त्याला कोणीही फसवतो. तिथे सेफ्टी रिलेबरोबर चालणारा कोडेड, म्हणजे फक्त आपल्या जोडीच्या तुकड्यालाच ओळखणारा, स्विचच लागतो, आणि दोन्ही हातांची बटणं त्यामुळे काढून टाकायची नसतात.

नवा सेन्सर बसला की फिलर गेजने मोजलेला गॅप, सेन्सरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि पीएनपी-एनपीएन हे पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पेंट मार्करने लिहून ठेवा. नटावर आणि ब्रॅकेटवर मिळून एक आडवी रेघही मारा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, आणि रात्रपाळीच्या माणसाला पान्याआधी डोळ्यांनीच कळतं.